एका पेटीत दोन बिऱ्हाडं

काजूचा वास यंदा उशिरा आला. म्हणजे तो वेळेवरच आला असेल, माझं नाक उशिरा पोचलं. पार्सेच्या डोंगराकडे दारूच्या भाट्या पेटल्या की दुपारचा वारा तो वास घेऊन खाली उतरतो आणि आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसतो. आंबूस, गोड, थोडा जळका. पूर्वी तो आला की मला ताज्या हुर्राकच्या घोटाची आठवण व्हायची. बायकांनी असं लिहू नये म्हणतात, म्हणून मुद्दाम लिहिते. आता मात्र त्या वासानं एक काँप्युटर आठवतो, आणि मग दिवसभर जेवणाची चव जाते.

माझी नात सई, म्हणजे उदयची मुलगी, सुट्टीत मस्कतहून आली आहे. काल ती जनेलाच्या उजेडात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती.

"आजी, जरा वेळ मला हाक मारू नकोस हं. मी ह्याच्यावर दुसरी सिस्टीम टाकतेय. जुनी पण राहणार आणि नवी पण. तुला नाही कळायचं."

"नाही गो बाय, मला कसं कळणार," मी म्हटलं आणि भाजीची परात जवळ ओढली. "जुनी आधी टाकलीस ना? आणि जागा किती दिलीस तिला?"

भिंतीवरच्या पालीनं किती वाजले विचारावं, तशी पोर माझ्याकडे बघत राहिली. मला जिंकल्यासारखं वाटलं. पण भाजी निवडून व्हायच्या आतच ते वाटणं विरून गेलं. वारा सुटला होता आणि वास आत येत होता.

तो काँप्युटर घरात होता तेव्हा मी पन्नाशीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. ह्या वयात बाई शहाणी होते असं जे म्हणतात, ते पन्नाशीच्या बायकाच म्हणतात.

ह्या बाहेरच्या खोलीत आमचा छापखाना होता. आधी खिळे जुळवून छापायचा, मग काँप्युटरचा. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, दशावताराची हँडबिलं, सगळं ह्यांच्या हातचं. माझ्या नवऱ्याच्या बोटांना शिशाचा काळा रंग इतका मुरला होता की काँप्युटर आल्यावरही किती तरी महिने ते बोटं पुसूनच कळफलकाला हात लावत. मराठी अक्षरांचा प्रोग्राम त्यांनी मोठ्या हौसेनं आणला होता. त्याला एक कुलूप होतं, बोटाएवढं, काँप्युटरच्या पाठीला लावायचं. ते लावल्याशिवाय पडद्यावर एक काना उमटायचा नाही. रात्री ते काढून हे देवघरात ठेवत. चोर आला तर देवाला नेईल, कुलूप राहील, असं मी म्हणायची.

उदय आमचा एकुलता एक मुलगा. तुयेच्या एका कारखान्यात स्टोअरला होता. संध्याकाळी घरी यायचा आणि नेटवर्कच्या कसल्याशा परीक्षेचा अभ्यास करायचा. त्या परीक्षेला नवी सिस्टीम लागे. ह्यांचा मराठीचा प्रोग्राम चालायचा फक्त जुन्या सिस्टीमवर. काँप्युटर एकच, आणि दुसरा घेण्याची ऐपत नव्हती. झालं, बापलेकांचं बोलणं बंद पडलं.

खरं तर काँप्युटर हे निमित्त. उदयनं छापखाना चालवावा, निदान पार्सेत राहावं, एवढीच ह्यांची इच्छा. उदयला बाहेर जायचं होतं. मला दोघंही एका छपराखाली हवे होते, आणि त्यासाठी मी वाटेल ते करायला तयार होते. शिकायलासुद्धा.

बोलणं बंद म्हणजे कसं बंद, तर हे मेजाच्या एका बाजूला, उदय दुसऱ्या बाजूला आणि मी मधे.

"तेका सांग, सकाळी माका पत्रिका काढूच्यो आसत. काँप्युटराक हात लावू नको म्हणान."

"आई, बाबांक सांग, माझी परीक्षा आसा. पत्रिका काय, लोक लग्ना करतच ऱ्हवतले."

"तेका सांग, त्याच पत्रिकांवर तो जेवता."

मग मी दोघांनी ऐकलेलंच दोघांना पुन्हा सांगायची, वर थोडी साखर घालून. "बाबा म्हणतात, सकाळी जरा काम आहे." "उदय म्हणतो, अभ्यास थोडाच राहिलाय." दोघं माझ्याकडे असे बघत की जणू मीच घरातलं भांडण लावलंय. त्या दिवसांत मी स्वतःला मोठी मध्यस्थ समजत होते. आता वाटतं, दोन दगडांमधल्या चटणीलाही असंच वाटत असेल.

पेडण्याच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर काँप्युटरचा क्लास होता. तिथं नववी-दहावीची पोरं जायची. मी गेले ती काठापदराची साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून. लग्नाला नव्हे, क्लासला! दारातच एक पोरगी ओरडली, "मॅडम, कुणाची तरी आजी इली!"

"कुणाची नाय गो," मी म्हटलं, "माझी मीच इलंय."

शिकवणाऱ्या सुनीता मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या होत्या आणि मला कंटाळायच्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मी त्यांना घरची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, दोन्ही राहतात की एका मशीनमध्ये. डिस्कचे दोन भाग करायचे. एका भागात जुनी सिस्टीम, दुसऱ्यात नवी. सुरू करताना मशीनच विचारतं, कुठं जायचं. जे निवडाल ते उघडतं."

"आणि भांडत नाहीत?"

"एका वेळी एकच जागी असते. भांडणार कशा?"

हे ऐकून मी बसमध्ये घरी येईपर्यंत हसत होते. शेजारी बसलेल्या बाईनं पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

मला त्यात अवघड काहीच वाटलं नाही. आम्ही पेडण्याची माणसं जन्मतःच दोन सिस्टीमवाली. घरात बोलायचं ते एका भाषेत, आणि हातात पेन घेतलं की दुसरी भाषा उतरते. आई मला कोंकणीत शिव्या द्यायची आणि मराठीत आरती म्हणायची, एकाच तोंडानं, एकाच श्वासात. मधे काही बंद करून चालू करावं लागत नसे. पुढे भाषेचं आंदोलन पेटलं, गोवा घटक राज्य व्हायच्या आधीचे ते दिवस, तेव्हा मोठी माणसं येऊन विचारू लागली, तुम्ही कुठल्या बाजूचे? आम्ही गोंधळलो. तोवर बाजू आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. हे तेव्हा मराठीवाल्यांची पत्रकं छापत आणि कोंकणीवाल्यांचीही. दोन्हीकडचे लोक येऊन रागावून जात. हे म्हणत, "खिळे तेच रे बाबांनो, मी काय करू?" त्यानंतर ओळखीची चार माणसं आमच्या घरी चहाला यायची थांबली. राज्य झालं, मिठाई वाटली गेली, पण ती माणसं काही परत आली नाहीत. घरात दोन्ही नांदतात तोवर कळत नाही; कुणी विचारलं की तुटतं. हे मला तेव्हा दिसलं होतं. तरी काँप्युटरच्या वेळी आठवलं नाही, कारण तेव्हा मी क्लासला जाणारी बाई होते.

वाटणीचा दिवस मी शुक्रवार धरला. हे म्हापशाला कागद आणायला गेले होते, उदय कामावर. अशी उकडत होती दुपार की कौलं तडकतील. डोंगरावर रसासाठी काजूचे बोंडू तुडवणाऱ्या बायकांचं हसणं खालपर्यंत ऐकू येत होतं. मी काँप्युटरच्या पेटीला हळदकुंकू लावलं, समोर नारळ ठेवला आणि वाऱ्यानं आत धूळ जाईल म्हणून पंखा बंद केला. हे मला कुणीच शिकवलं नव्हतं, ही माझी स्वतःची अक्कल. ह्यांचं सगळं काम आधी सीड्यांवर उतरवून घेतलं होतं. मग डिस्क पुसायची होती. पडद्यानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. पडद्यानं पुन्हा विचारलं. लग्नातसुद्धा मला इतक्यांदा कुणी विचारलं नव्हतं.

मॅडमनी एक गोष्ट बजावली होती. जुनी सिस्टीम आधी टाकायची आणि नवी नंतर. उलट केलं तर जुनी येऊन नवीचं दारच बुजवून टाकते, मग ती आत असून नसल्यासारखी. हे मला लगेच पटलं. मोठ्यांचं पान आधी वाढायचं, त्यात शिकवायचं काय? दुसरी गोष्टही सांगितली होती, ती मात्र मी ऐकली नाही. जुनीला जागा थोडी पुरते, नवीला भरपूर लागते, असं त्या म्हणाल्या होत्या. मी बरोब्बर अर्धी-अर्धी दिली. घरच्या कर्त्या माणसाला कोपरा द्यायचा आणि पोराला ओसरी? लोक काय म्हणतील? डिस्कच्या आत बघायला लोक कुठून येणार होते, हे मला त्या घामात सुचलं नाही.

अर्ध्यावर करंट गेला. पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी उमटल्या, एकाखाली एक, आणि खाली सेकंद उलटे धावू लागले. कुठं जायचं, सांगा. मी धावत जाऊन शेजारच्या शेवंतीला हाताला धरून आणलं.

"बघ गो! बापलेकांचां वेगळां केलंय. एकाच पेटीत दोन बिऱ्हाडां!"

शेवंतीच्या घरी दोन दिरांनी नुकत्याच चुली वेगळ्या केल्या होत्या. तिनं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वेगळां करून हसतंस काय गो? लोकां रडतत."

मी तिलाच हसले. अडाणी म्हटलं, मनात. आज ती बाई असती तर तिच्या पाया पडले असते, पण तिलाही ते आवडलं नसतं.

पहिले काही दिवस सगळं गोड चाललं. सकाळी हे आपल्या बाजूला, संध्याकाळी उदय आपल्या. तरी पडद्यावरच्या दोन ओळींत वरची ओळ नवीची होती. वेळेत काही निवडलं नाही तर मशीन आपण होऊन तिथंच जायचं. हे सकाळी चालू करत, मग सवयीनं चष्मा शोधायला जात. परत येईतो उदयची बाजू उघडलेली.

"आपल्या मनानंच माका तेच्या घरात नेऊन घालता हां," ते कुरकुरले.

न निवडता जुनीच उघडेल, असं मी केलं. मग उदय कुरकुरला. मग मी सेकंद वाढवले, इतके वाढवले की दोघंही पडद्यासमोर तोंड आंबट करून बसून राहायचे. एंटर दाबला तर चालतं हे मी दोघांना सांगितलं होतं. दोघंही दाबत नसत. आधी हात कुणी लावायचा?

उदयची बाजू लवकरच भरली. अभ्यासाच्या फायली ठेवायला जागा नाही म्हणू लागला.

"बाबांच्या बाजूक ठेव मां. थंय रिकामाच पडलांसा," मी म्हटलं. नवीतून जुनीची बाजू दिसायची, उघडायची, तिथं काही ठेवताही यायचं.

तो म्हणाला, "नको. बाबांच्या खोलीत माझां सामान नको."

आणि एके सकाळी ह्यांनी मला हाक मारली. पडद्यावर त्यांची बाजू उघडी होती, सगळी खाती, सगळी कपाटं.

"तेची बाजू खंय आसा? माका दिसना नाय."

"तुमका दिसाची नाय. जुनीक नवीची बाजू वाचताच येना. तेका तुमची दिसता."

हे मी मॅडमसारखं, एकदम थाटात सांगितलं. ज्ञान मिळालं की माणूस आधी ते जवळच्यांच्या डोक्यात मारतो. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काँप्युटरचा उंदीर थोडा इकडे सरकवला, थोडा तिकडे. म्हणाले, "तसांच आसता तां." आणि पुन्हा कुणाच्या तरी लग्नाची मंगलाष्टकं सरळ करत बसले.

त्या वर्षी काजू भरपूर झाला होता. वेचणाऱ्यांच्या हातून सुटलेले बोंडू रस्त्याच्या कडेला कुजून काळे पडले. पाय ठेवला की माशांचा ढग उठायचा. भाट्या एकेक करून विझत होत्या. उदयची परीक्षा झाली, तो पास झाला, मी पेढे वाटले. कसले पेढे वाटतेय ते मला कळत होतं, तरी वाटले.

मग तो दुपारचा प्रसंग. रविवार असावा, कारण तिघंही जेवायला होतो. मी कढी वाढत होते. उदय ताटाकडे बघत म्हणाला,

"आई, बाबांक सांग, माका मस्कताक नोकरी लागली."

मी ह्यांच्याकडे वळले. हे भात कालवत होते.

"तेका विचार, कधी निघता."

मी उदयकडे वळले. सवयीनं तोंड उघडलं, आणि शब्दच येईना. इतके महिने दोघांनी ऐकलेलं मी दोघांना सांगत आले होते. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की ह्यात माझी गरज कधी नव्हतीच. दोघांनी ऐकलं होतं. दोघं वाट बघत होते, मी सांगेन म्हणून.

"पावसाच्या आधी," उदय म्हणाला, कुणाला तरी.

"कढी घाल," हे म्हणाले. ते मला होतं.

उदय गेला त्या दिवशी हे बसपर्यंत पोचवायला गेले. बॅग ह्यांच्याच हातात होती. दोघं पुढे-मागे चालत होते, शेतातल्या बांधावर चालतात तसे, रस्ता रुंद असूनही.

आमच्या वाड्यावर मुंबईकरांची दोन घरं बंद असायची. त्यांच्या चाव्या आमच्याकडे. शनिवारी हे जाऊन जनेलं उघडत, देवासमोर दिवा लावत, थोडा वेळ बसून पुन्हा कुलूप लावून येत. आमच्याकडे असं सगळेच करतात. बंद घराला वारा लागायला हवा, नाही तर लाकूड कुजतं आणि गणपतीला माणसं आली की नाक दाबून आत शिरतात. एका शनिवारी मी बाहेरच्या खोलीत आले, तर हे उदयच्या बाजूला बसलेले. मराठीचा प्रोग्राम तिथं चालत नव्हता. इंग्रजी ह्यांना पत्त्यापुरतं येत होतं. पडद्यावर नुसतं निळं आभाळ आणि हिरवी टेकडी.

"काय करतात थंय?"

"बंद ऱ्हवला तर कुबट वास येता."

"काँप्युटराक?"

"तू गप ऱ्हव गो."

थोड्या वेळानं त्यांनी तो बंद केला, पुन्हा चालू केला, आपल्या बाजूला आले आणि कामाला लागले. त्यानंतर दर शनिवारी मुंबईकरांची दोन घरं आणि मग हे तिसरं. मी हसायचे. किती हसायचे मी तेव्हा! सगळ्या वाड्यावर सांगितलं, आमचे हे काँप्युटरला वारा घालतात म्हणून. लोकही हसले. उदयला फोनवर मात्र सांगितलं नाही. का नाही, ते आजही नीट सांगता येत नाही. सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि ते हसणं मला ऐकायचं नसावं.

वर्षं गेली. उदय सुट्टीला यायचा, चॉकलेटं आणायचा, जायचा. बापलेक बोलू लागले होते, पावसाबद्दल, काजूच्या बियांच्या भावाबद्दल, बसच्या वेळांबद्दल. माझ्याकडून निरोप जात नसत. घर फार शांत झालं होतं. लोकांनी पत्रिका म्हापशाला रंगीत छापून घ्यायला सुरुवात केली. ह्यांच्याकडे उरली ती कुणी गेल्याची, दिवसकार्याची साधी कार्डं. त्यात रंग लागत नाही. पार्सेतला माणूस ह्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय वर जात नाही, असं मी म्हणायचे, आणि हे मला दटावायचे.

मग हेही गेले. काजूच्याच दिवसांत, दुपारी, खुर्चीत. जास्त लिहिणार नाही.

उदय आला. तिसऱ्या दिवशी भावकीतल्यांनी विचारलं, कार्डं म्हापशाला टाकूया काय? तो उठून बाहेरच्या खोलीत गेला. मी देवघरातलं कुलूप घेऊन मागोमाग गेले. जुना पडदा, त्याच दोन ओळी. खालची ओळ निवडून त्यानं एंटर दाबला. आयुष्यात पहिल्यांदा तो वडिलांच्या बाजूला बसला होता.

त्याला काही येत नव्हतं. ह्यांची पद्धत अशी की नवीन कार्ड कधी पहिल्यापासून करायचं नाही. आधी गेलेल्याचं कार्ड उघडायचं, त्याची नावं काढायची आणि नवी घालायची. त्यानं शेवटचं कार्ड उघडलं. पलीकडच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्याचं होतं. मग एक नाव पुसायचं, एक घालायचं. कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर, ते मी बाजूला उभी राहून सांगत होते. 'पत्नी'समोर माझं नाव घालून 'पुत्र' लिहिलं होतं तिथं आला आणि थांबला. त्या म्हाताऱ्याचे तीन मुलगे, तिघांची नावं. ती एकेक करून पुसून त्यानं आपलं एकच नाव घातलं. मोठी जागा मोकळी राहिली.

"सरळ करूचां कसां ह्या?"

"मधे घे. बाबा मधे घेत."

सगळ्यात वर ह्यांचं नाव त्यानं स्वतः घातलं. मी ते सांगणार नव्हते. नवऱ्याचं नाव मी जन्मात उच्चारलं नाही, आणि ही काही उखाण्याची वेळ नव्हती.

दुपार सरत आली. डोंगरावर कुणी बोंडू तुडवत होतं. वास सगळ्या खोलीत. शेवटी तो कार्डाच्या अगदी तळाशी आला, जिथं बारीक अक्षरांत 'मुद्रक' लिहून ह्यांचं नाव असे. म्हाताऱ्याच्या कार्डावर होतं, त्याच्या आधीच्याही. लुकलुकती रेघ तिथं जाऊन उभी राहिली.

"आई, ह्या काढू काय?"

"ह्या कार्ड कोणी केलां?"

त्यानं कार्ड वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "बाबांनी. मी नुसती नावां बदललंय."

"मग ठेव."

त्यानं ठेवलं. प्रिंटर खरखरत राहिला, मी एकेक कार्ड उचलून गठ्ठा करत राहिले. वर ह्यांचं नाव, खाली ह्यांचंच नाव. मधल्या जागेत आम्ही दोघं, शोकाकुल.